जबड्याला करंट लावून हाड वाढत नाही

भाच्याने एक मेसेज पाठवला. त्याच्या गंगापूर रोडच्या जिमच्या ग्रुपवर फिरत होता, परवा आमच्या इंदिरानगरच्या सोसायटीतही पोचला. दावा असा: हाडात मुळातच वीज असते, करंटने हाड वाढवायला अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांना मान्यता देणारी सरकारी संस्था) १९७९ मध्येच मान्यता दिली, तेव्हा रोज २० मिनिटं टेन्स मशीनचे (दुखण्यावर त्वचेवरून करंट देणारं छोटं यंत्र) पॅड जबड्याला लावा, ३ महिन्यांत जबडा कोरीव. साइड इफेक्ट शून्य. सोबत आधीचे आणि नंतरचे फोटो. मी फिजिओथेरपिस्ट, हे मशीन रोज हाताळतो, म्हणून लिहितोय.

हाडात वीज असते, हे खरंच आहे. जपानच्या फुकादा आणि यासुदा यांनी १९५७ मध्ये दाखवलं की कोरड्या हाडावर दाब दिला की विद्युतभार तयार होतो. पुढचं सगळं मात्र ओढूनताणून आणलेलं.

एफडीएची मान्यता होती ती न जुळणाऱ्या फ्रॅक्चरसाठी. नडगीचं हाड मोडलं, प्लास्टर झालं, महिने उलटले तरी एक्स-रेत फट तशीच, अशा पेशंटसाठी. तिथे शरीराने हाड जोडायचं काम सुरू केलेलं असतं आणि ते मध्येच अडलेलं असतं. करंट त्याला फार तर ढकलतो. तोही सगळ्यांच्या बाबतीत नाही, अभ्यासांत निकाल संमिश्रच आहेत. जबड्याचं धडधाकट हाड कुठे अडलंय? आणि समजा वाढलंच, तर हनुवटीच्या टोकाला वाढायचं की दाताच्या मुळाशी, हे त्याला कोण सांगणार?

आता मशीन. हाडाजवळ ऑपरेशनने बसवायच्या यंत्रात करंट साधारण २० मायक्रोअँपिअर असतो आणि तो महिनोन् महिने चालू राहतो. तिथे करंट फार वाढवला तर हाड वाढायचं सोडून आसपासच्या पेशी मरतात. टेन्सचा करंट मिलिअँपिअरमध्ये, म्हणजे हजारपट मोठ्या मापात, आणि त्याचं काम नसांवर: दुखणं कमी करणं. भाच्यासमोर मी एक पॅड स्वतःच्या जबड्याच्या कोपऱ्यावर लावला, दुसरा गालावर, आणि बटण हळूहळू फिरवलं. आधी मुंग्या, मग गाल फडफडला, मग दात कटकन एकमेकांवर आपटले. तो म्हणाला, "मामा, लागला की हाडाला!" अरे, हाडाला नाही, चावायच्या स्नायूला. हा स्नायू रोज पिळून काढलास आणि तो खरंच फुगला, तर चेहरा निमुळता व्हायचा सोडून चौकोनी होईल.

फोटोंबद्दल काय बोलणार? आधीच्या फोटोत मान खाली, ट्यूबलाइट डोक्यावर. नंतरच्यात हनुवटी वर आणि दाढी कोरलेली. ही करामत आमच्या कोपऱ्यावरचा सलूनवाला अर्ध्या तासात करतो.

मोठेपणी जबड्याचं हाड लांब करता येतं, पण ते कापून. कापलेली दोन टोकं स्क्रूने रोज साधारण १ मिलिमीटर दूर सरकवतात, मधल्या फटीत नवं हाड धरतं. तिथेही वाढ होते ती ओढीने, करंटने नव्हे.

राहिले साइड इफेक्ट. जबड्याच्या कोपऱ्यापासून पॅड दोन बोटं खाली सरकला की मानेची मोठी धमनी येते. तिथे रक्तदाब सांभाळणारी जागा असते. ती चाळवली तर नाडी मंदावून माणूस चक्कर येऊन पडू शकतो. म्हणून गळ्याच्या पुढच्या भागावर आम्ही टेन्स लावतच नाही, डोळ्यांवरही नाही. पेसमेकर असलेल्यांनी तर कार्डिओलॉजिस्टला विचारल्याशिवाय या मशीनला हात लावू नये. सोसायटीच्या ग्रुपवर असे निदान तिघे आहेत, आणि मेसेज त्यांनाही गेलाय.