पोकळ गिटारला तेराचाच सेट हवा, हे खरं नाही

गिटार वाजवणाऱ्या पोरांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक मेसेज सारखा फिरतो. ब्रह्मपुरी, वडसा, नागभीडकडच्या पोरांनीही तो मला पाठवून ‘भाऊ, हे खरं हाय का?’ असं विचारलं आहे. त्यात लिहिलंय: ‘जाझची पोकळ गिटार असेल तर तेराचा फ्लॅटवाउंड सेटच लावा. बारीक तारेवर जाझ वाजत नाही. फ्लॅटवाउंड नाही मिळाले तर ब्राँझ लावा, पोकळ गिटार म्हणजे शेवटी अकूस्टिकच. जाड तारेने शिट्टी बंद होते. आणि फ्लॅटवाउंड एकदा लावले की वर्षानुवर्षे बदलायची गरज नाही.’ फ्लॅटवाउंड म्हणजे वरून सपाट पट्टी गुंडाळलेल्या तारा, आणि शिट्टी म्हणजे अँपमधून येणारा फीडबॅकचा आवाज.

प्रत्येक वाक्यात खऱ्याचा थोडा अंश आहे, म्हणून ते पटतं. पण आपल्या भागात त्याची किंमत जास्त मोजावी लागते. पुण्या-मुंबईत तार चुकली तर संध्याकाळपर्यंत दुसरी आणता येते. इथे सेट कुरियरने येतो, सेटिंग करून देणाऱ्यासाठी नागपूर गाठावं लागतं, आणि ज्याच्याकडे एकच गिटार आहे त्याला तिच्यावरच भजन, लग्नाचा ऑर्केस्ट्रा, एप्रिलमधले भीमगीतांचे कार्यक्रम आणि दिवाळीनंतर झाडीपट्टीचं नाटक असं सगळं वाजवायचं असतं.

आधी तेराच्या आकड्याचं बघू. तेरा म्हणजे पहिली तार ०.०१३ इंच जाडीची. साध्या पोलादी तारेचा ताण जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. नट (नेकच्या टोकाची खाचांची पट्टी) ते ब्रिज (तारा खाली जिच्यावर टेकतात ती पट्टी) अंतर २५.५ इंच असलेल्या गिटारीवर पहिली तार ई सुरात मिळवली, तर ०.०१० ला साधारण ७.३ किलो ताण पडतो, ०.०११ ला ८.९, ०.०१२ ला १०.६ आणि ०.०१३ ला १२.४. म्हणजे दहावरून तेरावर गेलात की या एका तारेचा ताण जवळपास ७० टक्क्यांनी वाढला. बाकीच्या पाच तारांचा वाढतो तो वेगळाच.

परवडणाऱ्या बऱ्याच पोकळ गिटारी दुकानातून येतात तेव्हा त्यांच्यावर दहाचा सेट असतो. नटच्या खाचा त्याच मापाने कापलेल्या असतात. त्यात तेराची तार नीट बसत नाही, वर अडकून राहते. खुंटी पिळली तरी सूर हलत नाही आणि मग एकदम ‘टिंग’ करून पुढे उडी मारतो. नेक पुढे वाकतो, अ‍ॅक्शन (तारांची फ्रेटपासूनची उंची) चढते, नेकच्या आतली लोखंडी सळई, ट्रस रॉड, आवळावी लागते. हे जमणारा माणूस जवळ नसेल तर पोरगा चढलेल्या अ‍ॅक्शनवरच रेटून वाजवतो, बोटं सोलून घेतो, आणि ‘मले जाझ जमत नाही’ म्हणून गिटार पेटीत ठेवून देतो. मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं ते याचंच. दोष तारेच्या निवडीचा असतो आणि पोरगा तो स्वतःच्या हाताला लावून घेतो.

बारीक तारेवर जाझ वाजत नाही, हा समज जुन्या काळातून आला आहे. गिब्सन कंपनीने १९२२ मध्ये एल-५ ही गिटार काढली तेव्हा पिकअप (तारांची थरथर पकडून अँपला देणारं चुंबकी यंत्र) नव्हता. ट्रम्पेट-सॅक्सोफोनच्या रांगेत लाकडी गिटार ऐकू जायची तर जाड तार आणि उंच अ‍ॅक्शन लागायचीच. काउंट बेसीच्या जाझ बँडमध्ये १९३७ पासून वाजवणाऱ्या फ्रेडी ग्रीनची ताल धरणारी गिटार याच परंपरेतली. पण १९३६ मध्ये गिब्सनची पिकअप असलेली ईएस-१५० आली, जाझ गिटारवादक चार्ली ख्रिश्चनने ती गाजवली, आणि गिटारला ऐकू येण्यासाठी ताकद लावायची गरज संपली. १९४९ च्या ईएस-१७५ चा टॉप (वरची फळी) तर थर चिकटवलेल्या लाकडाचा होता. ती अँपमधून वाजवण्यासाठीच बनवलेली गिटार. आज आपल्या खिशाला परवडणाऱ्या बहुतेक पोकळ गिटारी याच जातीच्या आहेत. कोरीव स्प्रूस लाकडाच्या टॉपवर जाड तारेचा जितका फायदा होतो, तितका इथे होत नाही.

जाझ गिटारवादक वेस माँटगोमेरीचं उदाहरण हमखास दिलं जातं. तो जाड फ्लॅटवाउंड लावायचा हे खरं, पण तो पिक न घेता अंगठ्याने वाजवायचा. दुसरा जाझ गिटारवादक जॉर्ज बेन्सन, त्याच्या नावाने व्हिएन्नाची थोमास्टिक-इनफेल्ड कंपनी सेट विकते, त्यातला एक बाराचा आहे आणि एक चौदाचा. ज्याच्या नावावर सेट खपतो त्याच्याच नावाचे दोन गेज, म्हणजे तारेच्या जाडीची मापं, असतील, तर आपण एकाच आकड्याला चिकटून राहण्याचं कारण नाही.

तेराचा सेट जिथे खरोखर शोभतो, अशी जागा आहे. गायकाच्या पट्टीसाठी अख्खी गिटार अर्धा सूर उतरवून वाजवत असाल तर ताण साधारण ११ टक्क्यांनी कमी होतो. उतरवलेल्या गिटारीवर तेरा, म्हणजे हाताला जवळपास बाराच. अशांनी जरूर लावावा, फक्त नटच्या खाचा आधी रुंद करून घ्याव्यात.

ब्राँझचा सल्ला मात्र सरळ चुकीचा आहे. चुंबकी पिकअपला लोखंड, पोलाद, निकेल कळतं. तांबं आणि त्याचे मिश्रधातू कळत नाहीत. ब्राँझच्या तारेत पिकअपला जाणवतो तो फक्त आतला पोलादी गाभा. त्यामुळे वरच्या दोन साध्या तारा मोठ्याने वाजतात आणि गुंडाळलेल्या चारही मागे पडतात. पिकअपशिवाय, नुसत्या माइकवर वाजणारी कोरीव गिटार असेल तर ब्राँझ उत्तम. पिकअपवाल्या गिटारला निकेल किंवा पोलादाचीच तार हवी.

शिट्टीचं म्हणाल तर स्पीकरचा आवाज टॉपला हलवतो, टॉपबरोबर तारा हलतात, पिकअप तेच पुन्हा अँपमध्ये पाठवतो, असं ते चक्र आहे. जाड तारेतून थोडा जास्त आवाज मिळतो म्हणून अँप थोडा कमी ठेवता येतो, इतकाच फायदा. मांडवात पायाशी मॉनिटर आणि बाजूला डीजेचे डबे असताना तारेची जाडी काय करणार? अँपसमोर छाती करून उभं राहू नका. साउंडवाल्याला खालच्या सुरांची ती एक घुमणारी जागा कमी करायला सांगा. तरी थांबलं नाही तर टॉपवरच्या एफ आकाराच्या भोकांत स्पंजचा तुकडा बसवा.

फ्लॅटवाउंड बदलायचेच नाहीत, हेही अर्धंच खरं. गोल तारेऐवजी सपाट पट्टी गुंडाळलेली असल्याने घाम-मळ सांदीत साचत नाही, फ्रेट कमी झिजतात, बोट सरकताना चरचर येत नाही. खालच्या चार तारा खरंच पुष्कळ टिकतात. पण पहिली आणि दुसरी तार त्या सेटमध्येही साधीच पोलादी असते. मे महिन्यात ४५ अंशांतला घाम आणि मग पावसाळा, यात ती इतर कुठल्याही तारेसारखीच गंजते. या दोन तारा सुट्या मिळतात. त्या बदलत राहा, बाकी सेट ठेवा. वाजवून झाल्यावर जुन्या सुती धोतराच्या फडक्याने पुसायची सवय लावा.

मेसेजमध्ये सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आलेलीच नाही. ती म्हणजे तिसरी तार. पोकळ गिटारचा लाकडी ब्रिज बहुधा गुंडाळलेल्या तिसऱ्या तारेच्या हिशेबाने कोरलेला असतो. दहा-अकराच्या नेहमीच्या राउंडवाउंड (गोल तार गुंडाळलेल्या) सेटमध्ये तिसरी तार साधी, म्हणजे न गुंडाळलेली येते. ती तितकीच जाड असली तरी जास्त ताठ असते, म्हणून वरच्या फ्रेटवर सूर चढा लागतो. कॉर्ड खाली गोड वाजतो आणि वर बेसूर होतो, त्याचं कारण बऱ्याचदा हेच असतं. फ्लॅटवाउंड सेटमध्ये तिसरी तार गुंडाळलेली असते. राउंडवाउंड घेताना पाकिटावर ते बघूनच घ्या. ब्रिजवर प्रत्येक तारेची घोडी वेगळी सरकत असेल तर मात्र दोन्ही चालतं.

याला दुसरी बाजूही आहे. सिनेमाच्या गाण्यांत तिसऱ्या तारेवर मींड ओढणाऱ्याला गुंडाळलेली तार दाद देत नाही. ज्याचं निम्मं काम ऑर्केस्ट्राचं आहे त्याने निकेलचा अकराचा राउंडवाउंड लावावा आणि टोन नॉब थोडा खाली ठेवावा. त्याच्या जाझमध्ये त्याने काही उणं पडत नाही. ज्याचा कल कॉर्ड आणि संथ सुरावटीकडे आहे त्याने अकराचा फ्लॅटवाउंड घ्यावा, हात बसला की बाराचा. नेमका आकडा सांगा म्हणाल तर दहावरून येणाऱ्याला मी अकराच सांगेन.

बदलताना सगळ्या तारा एकदम काढू नका. असा लाकडी ब्रिज नुसता तारांच्या दाबावर उभा असतो, स्क्रू नसतो. आधी त्याच्या पायांभोवती कागदी टेप चिकटवून जागा खूण करा, मग एकेक तार उतरवा आणि तिथे लगेच नवी चढवा. सगळ्या झाल्यावर बाराव्या फ्रेटवर हार्मोनिक (तार न दाबता बोट हलकेच टेकवून काढलेला सूर) आणि दाबलेला सूर जुळवून बघा. दाबलेला चढा लागला तर ब्रिज शेपटीकडे सरकवायचा, उतरलेला लागला तर नेककडे. एका वेळी केसभरच.