जुन्नरच्या शेतातलं न्यूझीलंडचं सफरचंद

'शेतकरी ते थेट ग्राहक. मध्ये दलाल नाही.' हा एवढा मोठा फलक, आणि त्याच्या बरोब्बर खाली टेबलावर मनोरा रचलेली सफरचंदं. जून महिन्यात. ठाण्यातल्या शेतकरी बाजारात. प्रत्येकाच्या गालावर स्टिकर.

"कुठली ही?"

"आपल्याच शेतातली, काका."

काका! बरं, तेही गिळलं. "शेत कुठे तुमचं?" तर म्हणे जुन्नरकडं. म्हटलं, मग जुन्नरला स्टिकर कोण चिकटवतं? पोरगा जराही ओशाळला नाही. "हल्ली होतं काका सफरचंद आपल्याकडं. यूट्यूबवर बघा."

आणि डोकं फिरवणारी गोष्ट ही की, होतं! हिमाचलच्या हरिमन शर्मांनी काढलेलं एचआरएमएन-९९ नावाचं वाण आहे, ते गरम हवेतही येतं, आपल्याकडे काहींनी लावलंय, आणि फळं जूनच्या सुमारासच निघतात. म्हणजे थाप मारायलासुद्धा पठ्ठ्याने पुराव्यानिशी थाप निवडली. पण स्टिकरवर 'न्यूझीलंड' छापलं होतं हो! बारीक अक्षरात, पण मी बाजारात चष्मा लावूनच जातो. शेजारी पुठ्ठ्यावर स्केचपेनने 'सेंद्रिय'. स्टिकरवरचा आकडा चारअंकी, चारापासून सुरू. सेंद्रिय फळाचा आकडा पाचअंकी असतो आणि नवापासून सुरू होतो. हे मी त्याला समजावून सांगितलं. सविस्तर. हातात सफरचंद धरून, एकेका अंकावर बोट ठेवून. मागच्या बाई शेवटी म्हणाल्या, "अहो, घ्यायचं नसेल तर सरका की."

सरकलो. दुसरं काय करणार?

स्वतः पिकवून स्वतः विकणाऱ्या छोट्या शेतकऱ्याला सेंद्रियचं प्रमाणपत्र लागत नाही, वर्षाची उलाढाल १२ लाखांच्या आत असेल तर. २०१७ सालच्या नियमातच तशी सोय आहे. चांगली सोय आहे. पण तिच्या आडोशाला बसलंय कोण, तर पहाटे वाशीच्या घाऊक मार्केटातून टेम्पो भरून आणणारे. टेबलाखालच्या क्रेटवर गाळ्याचा नंबर तसाच रंगवलेला, तो झाकायचे कष्टही कुणी घेत नाही. २०१६ साली फळं-भाजीपाला बाजार समितीच्या तावडीतून सुटला तेव्हा आम्हीच टाळ्या पिटल्या होत्या. दलाल गेला, दलाल गेला! कुठला जातोय? धोतर-टोपीवाल्या शेतकऱ्याचं चित्र छापलेला टी-शर्ट घालून समोर उभा आहे, आणि मंडईपेक्षा पावकिलोमागे दहा रुपये जास्त घेतोय. वर कोथिंबिरीची एक काडी फुकट मागितली तर तोंड वाकडं.

मी दूध, दही, तूप, पनीर, मध सगळं सोडलंय. का, ते विचारू नका, सांगून सांगून दमलोय. वाटलं होतं, आपल्यासारख्या निव्वळ झाडपाल्यावर जगणाऱ्याचं शेतकरी बाजारात पायघड्या घालून स्वागत होईल. आत शिरल्याशिरल्या पहिलं टेबल गीर गाईच्या तुपाचं. दुसरं बिलोण्याच्या, म्हणजे दही घुसळून काढलेल्या तुपाचं. तिसरं ए-टू दुधाचं, म्हणजे म्हणे देशी गाईच्या खास प्रथिनवाल्या दुधाचं. या ए-वन, ए-टूच्या दाव्यांवर २०२४च्या ऑगस्टमध्ये खाद्य सुरक्षावाल्यांनी बंदीचा आदेश काढला आणि आठवड्याच्या आत स्वतःच मागे घेतला. तेव्हापासून हे लोक जास्तच जोरात ओरडतात. मग मधवाला. तो चमचा घेऊन अंगावरच येतो. नको म्हटलं तर, "शुगर आहे का काका?" शुगर नाही, मध खात नाही. तूप? नाही. पनीर? नाही. "मग खाता काय?"

भर भाजीबाजारात! डावीकडे दुधी, उजवीकडे लाल भोपळा, समोर माठ आणि चवळीचे ढीग, आणि हा मला विचारतो, खाता काय!

आता निघालंच आहे म्हणून सांगतो, गिऱ्हाइकंही कमी नाहीत. भेंडीची शेपटं मोडमोडून बघणारी जमात. अर्धा किलोसाठी दोन किलोंची शेपटं मोडायची आणि शेवटी "जून आहे" म्हणून निघून जायचं. ती शेपटं मोडलेली भेंडी नंतर आम्ही घ्यायची. मक्याच्या कणसाला नखं लावणारे. मधोमध उभं राहून व्हिडिओ कॉलवर बायकोला वांगी दाखवणारे. आणि ज्याने कुणी त्या स्पीकरवर 'माझा शेतकरी राजा' छापाची गाणी लावून ठेवलीत, त्याच्या घरी एकदा मी सकाळी सातला जाऊन तीच गाणी लावणार आहे.

खरी भाजी होती कुठे? गेटबाहेर. मुरबाडकडची एक आजी, गोणपाटावर शेवळं ही पावसाळी रानभाजी मांडून. टेबलाचं भाडं परवडत नाही म्हणून बाहेर, आणि बाहेर बसली म्हणून वॉचमन हाकलतोय. हाकलतोय कुणाला, तर त्या अख्ख्या आवारात जिने स्वतः रान तुडवून माल आणला होता, तिला! मी वॉचमनशी भांडलो. तिने माझ्याकडे लक्षही दिलं नाही, गोणपाट चार फूट पलीकडे सरकवलं आणि जुडी हातात दिली. वर मूठभर काकडं, ती रानातली आंबट फळं, टाकली, पैसे न घेता. "ही घातल्याबिगर करू नको, घसा खाजंल." न्यूझीलंडवाल्याने एवढी तरी माहिती दिली असती!

घरी आणली. आई हरखली. आमचं घर सीकेपी, मासळीवर जीव असलेलं, शेवळं म्हणजे सणच. आतला पिवळा भाग काढून टाकत, जुडी निवडत बसली आणि म्हणाली, "सुके सोडे भिजत घालू की ताजी कोळंबी आणतोस?"

म्हटलं, आई, चण्याची डाळ घालून कर.

तिने सुरी खाली ठेवली. "डाळ घालून खायची होती तर त्या बिचारीची जुडी कशाला अडवलीस? कुणीतरी नीट केली असती."

केली शेवटी. डाळ घालून, काकडांचा रस काढून, नाक मुरडत. चव कशी झाली होती, ते मी तिच्यासमोर बोलणार नाही.