होडी ओढणार नाही म्हणे!

इलेक्ट्रिक गाडी तुमचा ट्रेलर ओढणार नाही, होडी ओढणार नाही, बायकापोरांना घेऊन आवडत्या कॅम्पिंगच्या जागी पोचवणार नाही. एप्रिल 2019 मध्ये ऑस्ट्रेलियाचे तेव्हाचे पंतप्रधान स्कॉट मॉरिसन असं बोलले. 2030 पर्यंत निम्म्या नव्या गाड्या इलेक्ट्रिक असाव्यात, हे तेव्हा विरोधात असलेल्या लेबर पक्षाचं उद्दिष्ट होतं. त्यावरचा हा टोला. निवडणूक ते जिंकले, पण टोला अजून फिरतोय. आमच्या पर्थच्या मराठी मंडळींतही लांब सुट्टी आली की कुणीतरी तो पुढे ढकलतंच, वर 'नलारबॉरच्या माळावर बॅटरी संपली तर बसा डिंगो मोजत' अशी पुरवणी जोडून. (नलारबॉर म्हणजे पर्थहून पूर्वेकडे जाताना लागणारा ओसाड माळ, डिंगो म्हणजे इथले रानकुत्रे.)

आधी ओढण्याचं बघू. ओढायला लागणारा जोर इलेक्ट्रिक मोटर गाडी जागची हलायच्या आतच देते. मे 2018 मध्ये, म्हणजे त्या भाषणाच्या जवळजवळ वर्षभर आधी, मेलबर्न विमानतळावर टेस्लाच्या मॉडेल एक्सने क्वांटासचं 130 टनांचं ड्रीमलायनर विमान सुमारे 300 मीटर ओढून दाखवलं. जाहिरातीचा तमाशा होता, मान्य. पण शेवाळलेल्या उतारावरून होडी पाण्याबाहेर काढताना हाच गुण कामाला येतो. रुबाब राहू द्या, कागदावर बघायचं तर आज टेस्ला मॉडेल वायला 1600 किलो आणि किया ईव्ही9 च्या चारचाकी-ड्राइव्ह मॉडेलला 2500 किलो ओढायची परवानगी आहे. नेहमीची ॲल्युमिनियमची मासेमारीची होडी यात आरामात बसते.

लांब जाणार नाही, हे तर 2019 मध्येही खरं नव्हतं. 2018 मध्येच पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या सत्तरीच्या एका बाईंनी टेस्लातून अख्ख्या ऑस्ट्रेलियाला प्रदक्षिणा घातली, 20 हजार किलोमीटरच्या वर. तेव्हा वाटेत फास्ट चार्जर फारसे नव्हतेच. कॅरव्हॅन, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, लावायच्या पार्कातल्या थ्री-फेज सॉकेटवर रात्र काढायची. आता पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या सरकारी जाळ्यात उत्तरेच्या कुनुनुरापासून पूर्वेला नलारबॉरवरच्या मंड्राबिलापर्यंत 49 ठिकाणी चार्जर आहेत.

'पण तिथली वीज डिझेल जनरेटरचीच ना?' हा प्रश्न विचारणाऱ्याला वाटतं, आता बोलती बंद. नलारबॉरवरच्या रोडहाउसना, म्हणजे हायवेवरच्या पेट्रोलपंप-खानावळींना, ग्रिड नाही, जनरेटरच असतात, खरं आहे. हिशेब करा. एक लिटर डिझेलमधून जनरेटर साधारण तीन-साडेतीन युनिट काढतो. गाडीला 100 किलोमीटरला 18 ते 20 युनिट लागतात. म्हणजे सहा लिटरच्या आसपास. लँडक्रूझर 300 चा कंपनीचाच आकडा 8.9 लिटर आहे. आणि केगूनाच्या रोडहाउसवर जानेवारी 2022 मध्ये एका निवृत्त इंजिनिअरने बसवलेला चार्जर तर चिप्स तळून उरलेल्या तेलावर चालणारा! तुम्ही चिप्स खायच्या, पुढच्याची गाडी चालायची.

मॉरिसन एका ठिकाणी मात्र बरोबर होते, आणि ईव्हीवाले नेमकं तेच सांगायचं टाळतात: कॅरव्हॅन. प्रश्न वजनाचा कमी, वाऱ्याचा जास्त. कॅरव्हॅनचं तोंड म्हणजे चाकांवरची भिंत. 100 च्या वेगाला ती हवेत ढकलत न्यायची. गाडी कुठलीही असो, पल्ला निम्म्यावर येतो. डिझेलवाल्याचे 1000 चे 500 होतात, त्याला फरक पडत नाही. ईव्हीचे 400 चे 200 होतात. आणि नलारबॉरच्या रस्त्यावर बॅलाडोनियाचं रोडहाउस ते केगूना आहे 182 किलोमीटर, त्यातला 146.6 किलोमीटरचा पट्टा एकही वळण नसलेला. समोरून वारा सुटला की हातात उरलेले ते 18 किलोमीटर कधी गेले कळत नाही. वेग 110 वरून 90 वर आणला तर हवेच्या विरोधात जाणारी ऊर्जा किलोमीटरमागे तिसऱ्या हिश्शाने कमी होते. करा तसं, पण मग मागे रोड ट्रेन लागलेली असते, एकामागे एक ट्रेलर जोडलेला लांबलचक ट्रक.

'बॅटरी मोठी घाला' हे उत्तर नाही. 80 लिटर डिझेलमध्ये 800 युनिटच्या आसपास ऊर्जा असते. इंजिनाने दोन-तृतीयांश उष्णतेत घालवली तरी अडीचशे उरतात. मोठ्या ईव्हीची बॅटरी 100 युनिटची.

त्यात चार्जरची जागा. बहुतेक ठिकाणी गाडी नाक आत घालून उभी करायची, मागे आठ मीटरचं धूड. मग कॅरव्हॅन सोडवा: साखळ्या काढा, लाइटची वायर काढा, पुढचं आधाराचं जॉकी व्हील खाली फिरवा, ब्रेक लावा; माश्या नाकातोंडात. 50 किलोवॉटच्या चार्जरवर 60 युनिट भरायला सव्वा तास, मग सगळं उलट्या क्रमाने. दिवसातून चार वेळा.

तीन टनांची कॅरव्हॅन घेऊन तीन महिने फिरायचं असेल तर डिझेलच घ्या, मीही तेच सांगेन. होडीचं घाटावर बघू, या रविवारी.