रंगासोबत परिणामही सांगा

हवामान खात्यात इशाऱ्यांसाठी नवे सॉफ्टवेअर येतेय, अंदाज देणाऱ्यांना प्रशिक्षणही मिळणार, हे वाचून खरेच बरे वाटले. फक्त एक विनंती. ‘गोव्याला ऑरेंज अलर्ट’ एवढ्याने आम्हा सत्तरी तालुक्यातल्या लोकांना काही कळत नाही. तेवढ्याच पावसात पणजीत रस्ते तुंबतात, इथे मात्र घाटावरचे पाणी उतरून म्हादई नदी फुगते. जुलै २०२१ च्या पुरात मातीच्या भिंती विरघळून घरे बसली, बागायती गाळाखाली गेल्या. तेव्हा मिलिमीटरसोबत कुठल्या काठची घरे रिकामी करायची, गुरे कधी सोडायची हेही इशाऱ्यात यायला हवे. प्रशिक्षणात अंदाजकारांना एकदा तरी पावसाळ्यात नदीकाठी आणा, पंचांशी बोलू द्या. आणि इशारा कोकणी-मराठीत, तोही उजेड असतानाच पाठवा.