मामांचा 27 चा आकडा आणि आमच्या बाळाचा पासपोर्ट

2025 च्या गणपतीत साताऱ्याला गेलो होतो, आरती झाल्यावर मामांनी विषय काढला तो अजून डोक्यातून जात नाहीये. मामा म्हणाले, "अमेरिकेची घटना बघ, 1787 सालची, मोठाली चार पानं फक्त, आणि आजवर दुरुस्त्या किती तर 27. आपल्याकडं 75 वर्षांत 106! इतकी ठिगळं लावलेला सदरा तू घालशील का?" मी गप्प बसलो कारण मांडीवर साडेपाच महिन्यांचं बाळ होतं आणि त्या 27 मधल्याच एका दुरुस्तीनं त्याचं नागरिकत्व राखलं होतं.

झालं असं की आम्ही न्यू जर्सीत, मी एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर, बायको एच-फोर या जोडीदाराच्या व्हिसावर, ग्रीन कार्डच्या (कायम राहायच्या परवान्याच्या) रांगेत. डिलिव्हरीची तारीख मार्च 2025 ची. आणि 20 जानेवारीला ट्रम्पचा आदेश आला की आई तात्पुरत्या व्हिसावर असेल आणि बाप नागरिक किंवा ग्रीन कार्डवाला नसेल तर 19 फेब्रुवारीपासून पुढं जन्मलेल्या मुलाला नागरिकत्व नाही. त्या दोन-तीन रात्री आम्ही दोघं झोपलोच नाही, आमच्या ओळखीतल्या सगळ्या मराठी घरांत तोच विषय, कुणी म्हणे भारतात जाऊन डिलिव्हरी करा, कुणी म्हणे लवकर सिझर करून घ्या (हे ऐकून बायको रडली होती). तीनच दिवसांत सिॲटलच्या फेडरल न्यायाधीशानं आदेश थांबवला, न्यू जर्सीसह बऱ्याच राज्यांनी केस टाकली तिथंही स्थगिती मिळाली. आधार एकच, चौदाव्या दुरुस्तीतलं पहिलं वाक्य, 1868 चं, की इथं जन्मलेला आणि इथल्या कायद्याच्या कक्षेत येणारा माणूस नागरिक. 1898 ला वाँग किम आर्क या सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेल्या पोराला सुप्रीम कोर्टानं याच वाक्यावर नागरिक ठरवलं, त्याच्या चिनी आईबापांना स्वतः नागरिक व्हायची कायद्यानं मुभाच नव्हती तरीसुद्धा. ते वाक्य बदलायचं तर दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश आणि मग 50 पैकी 38 राज्यं पाहिजेत. सहीनं बदलत नाही ते.

म्हणजे मामांचं इथं बरोबर आहे, आणि त्यांना वाटतं त्यापेक्षा जास्त बरोबर आहे. आपल्याकडं जन्मानं मिळणारं नागरिकत्व 1986 आणि 2003 ला आवळलं गेलं तेव्हा घटनादुरुस्ती सुद्धा लागली नाही, संसदेचा साधा कायदा पुरला. असली गोष्ट घट्ट कुलपातच हवी असं माझं आता ठाम मत झालंय.

पण मामा, ती चौदावी दुरुस्ती आली कशी हे पण बघा ना. मूळ घटनेत गुलामगिरी चालत होती, गुलाम माणूस प्रतिनिधींच्या जागांसाठी तीन पंचमांश मोजायचे, 1857 ला कोर्टानं तर सांगितलं की काळा माणूस नागरिक होऊच शकत नाही. हे बदलायला यादवी युद्ध व्हावं लागलं, सहा लाखांच्या वर माणसं मेली. कुलूप घट्ट असण्याची किंमत ही पण आहे आणि कमी दुरुस्त्यांचं कौतुक करताना ती कुणी धरतच नाही. (त्या 27 मधल्या पहिल्या दहा तर 1791 ला एकदमच आल्यात, राहिल्या 17.)

आणि आपलं कुलूप सैल राहिलं ते चुकून नाही. डॉ. आंबेडकर कोलंबियात शिकलेले, त्यांना अमेरिकन घटना कुणी शिकवायची गरज नव्हती. 4 नोव्हेंबर 1948 ला मसुदा मांडताना त्यांनी स्वतः सांगितलं की आपलं संघराज्य ताठर नसेल, लवचिक असेल. 1951 ला कोर्टानं मद्रासचं आरक्षण रद्द केल्यावर त्याच वर्षी पहिली दुरुस्ती करून ते सावरता आलं. त्याच दुरुस्तीत भाषणस्वातंत्र्यावरचे निर्बंध पण वाढवले, ते मला इथं राहिल्यापासून जास्तच खुपतं, कारण इथली पहिली दुरुस्ती नेमकं उलटं करते, सरकारचेच हात बांधते. एकाच ठिगळात चांगलं पण आलं आणि वाईट पण, तर मग 106 हा आकडा सांगून काय कळणार?

इथं बायकांना समान हक्क देणारी दुरुस्ती 1972 ला काँग्रेसनं (म्हणजे अमेरिकेच्या संसदेनं) मंजूर केली, ती अजून घटनेत छापली गेलेली नाहीये. आपल्या 73 व्या दुरुस्तीनं 1993 पासून देशभर ग्रामपंचायतीत बायकांना एक तृतीयांश जागा दिल्या. आमच्या मामी त्याच राखीव जागेवरून पाच वर्षं सदस्य होत्या, गावातली नळयोजना त्यांनी भांडून आणली, गावात अजून लोक सांगतात.

परवा फोनवर मामांना हे म्हटलं तर म्हणाले, "तिचं वेगळं आहे रे." मी म्हटलं नाही मामा, ते त्या 106 मधलंच आहे. मग त्यांनी फोन मामींकडं दिला आणि मामींनी आधी बाळ रांगायला लागलं का ते विचारलं.