सुट्या भागांत जास्त पैसे मिळतात म्हणे

आज सकाळी पाचला उठलो, थर्मासमध्ये चहा भरला, मागे ट्रेलर जोडला आणि कोलंबसहून (इंडियानातलं) पासष्ट नंबरच्या हायवेने पंचाहत्तर मैल खाली गेलो. लुईव्हिलच्या अलीकडे, ओहायो नदीच्या या काठावर, एकाने कब कॅडेट 122, म्हणजे एक जुना गार्डन ट्रॅक्टर, विकायला काढला होता. फोटोत अख्खा होता. व्हिडिओत चालू होता, भक भक भक. काल रात्री फोनवर बोलणं झालं, ये सकाळी म्हणाला.

पोचलो तर गॅरेजच्या दारात एक जुनं ब्लँकेट अंथरलेलं आणि त्यावर हूड, स्टीअरिंग, पुढचा अ‍ॅक्सल, सीट, स्टार्टर-जनरेटर असं सगळं रुखवतासारखं मांडून ठेवलेलं. इंजिन रात्रीच कोणीतरी घेऊन गेलं होतं. मी म्हटलं, अरे, आपलं अख्ख्याचं ठरलं होतं ना? तर तो पोरगा शांतपणे म्हणतो, "सॉरी. सुट्या भागांत जास्त पैसे मिळतात."

साठीच्या घरातलं यंत्र. चालू यंत्र! याच गावाच्या पलीकडच्या काठावर, लुईव्हिलच्या इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या कारखान्यात जन्मलेलं. जन्मस्थानापासून दहा-पंधरा मैलांवर आणून त्याची खांडोळी केली. आणि कुणी? ज्याला साधं पॉइंटचं (ठिणगीची वेळ साधणाऱ्या भागाचं) झाकण कुठे असतं ते माहीत नव्हतं (विचारलं मी, मुद्दाम).

परतीच्या वाटेवर इतका संतापलो होतो की सेमूरचा नेहमीचा कॉफीचा थांबासुद्धा घेतला नाही.

आता तुमच्यातले निम्मे म्हणणार, हा गवत कापायच्या गाडीवरून एवढा का पेटलाय. तर बाबांनो, गवत कापायची गाडी वेगळी आणि गार्डन ट्रॅक्टर वेगळा. गवतवाल्या गाडीला नांगर जोडलात तर संध्याकाळपर्यंत मागचा अ‍ॅक्सल हातात येईल. गार्डन ट्रॅक्टर हा खरा ट्रॅक्टरच, फक्त धाकटा. माझ्या 122 ला कोहलरचं बारा हॉर्सपॉवरचं, एका सिलिंडरचं, बिडाचं इंजिन आहे. इंजिनापासून गिअरबॉक्सपर्यंत पट्टा नाही, सरळ शाफ्ट. मागचा गिअरबॉक्स मोठ्या फार्मॉल कब ट्रॅक्टरच्या घराण्यातला. नांगर, रोटाव्हेटर, बर्फ ढकलायचं पातं, काय हवं ते लावा. साउथ बेंडचे लाल व्हील हॉर्स, 1963 पासूनचे हिरवे जॉन डिअर 110, सगळे याच पिढीचे. लाल विरुद्ध पिवळा (आमचा कब कॅडेट पिवळा) यावर आमच्यात जी भाऊबंदकी चालते ती कोर्टात गेली नाही एवढंच.

माझा 122 मी दीडशे डॉलरला घेतला तेव्हा त्याचं इंजिन जॅम होतं. पिस्टन सिलिंडरला असा धरला होता जसा काही वेल्डिंग केलाय. मला यातलं ओ की ठो कळत नव्हतं. आयुष्य कॉम्प्युटरवर गेलेलं. तो ट्रेलरवरून उतरवताना शेजारचे आजोबा कुंपणापाशी येऊन उभे राहिले. (इथे पोस्टमध्ये आजोबा म्हणतोय. समोर त्यांना नावाने हाक मारावी लागते, आणि ऐंशीच्या माणसाला "ए अमुक" म्हणताना माझी जीभ चौदा वर्षांनंतरही अडखळते.) ते आयुष्यभर लेथवर होते. आले, फ्लायव्हील (इंजिनाचं जड चाक) हाताने हलवून पाहिलं, नाही हललं. घरी गेले, निम्मं ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल आणि निम्मं अ‍ॅसिटोन असं कालवलेली बरणी घेऊन आले. हेड खोललं, पिस्टनच्या डोक्यावर ते ओतलं आणि म्हणाले, "आता रोज एक ठोका."

"किती दिवस?"

"सुटेपर्यंत."

रोज संध्याकाळी कामावरून आलो की आजोबा कुंपणाशी हजर. थोडं तेल. पिस्टनवर ओकचा ठोकळा. त्यावर हातोडीचा एक ठोका. एकच. मग गप्पा, मग आपापल्या घरी. एकोणिसाव्या दिवशी ठोका मारल्यावर आवाज वेगळा आला. आजोबांनी फक्त भुवई वर केली. पिस्टन केसभर खाली गेला होता.

एवढ्यासाठी मी हा छंद करतो. आणि तो पोरगा मला सुट्या भागांचा हिशेब सांगतो!

मागच्या महिन्यात मंडळाच्या गणपतीत एका मित्राने विचारलं, "तुला तो ट्रॅक्टर एकूण पडला किती? तुझे तास धरून?" तास धरून! तुझ्या ट्रेकिंगचे तास धरतोस का रे? शनिवारी सकाळी पाच तास गोल्फच्या चेंडूमागे चालतोस ते कुठल्या खात्यात टाकतोस? दोन माणसं एका इंजिनावर वाकून उभी आहेत, एकाच्या हातात टॉर्च आणि दुसऱ्याच्या हातात पाना, मधे पंधरा मिनिटं कुणी काही बोलत नाही, ही गोष्ट मला गेल्या वीस वर्षांत दुसरीकडे कुठे मिळालेली नाही. देवळात नाही, ऑफिसात तर नाहीच.

आपण सगळे अशाच घरांतून आलोय ना? आमच्या घरी किर्लोस्करवाडीजवळ विहिरीवर ऑईल इंजिन होतं. वडील हँडल मारायचे, मी लिव्हर सोडायचो. वेळ चुकली की हँडल उलटं फिरायचं आणि वर शिवी बसायची. ते इंजिन बिघडलं तर फेकायचा विचार कुणाच्या डोक्यात आला होता का? छत्री दुरुस्त व्हायची, स्टोव्हचा बर्नर बदलायचा, भांड्यांना कल्हई व्हायची. जुन्या लुगड्यांची गोधडी व्हायची.

(हो, कळलं. गोधडी म्हणजेसुद्धा लुगड्याचे सुटे भागच. बायकोने आत्ता खांद्यावरून वाचून तेवढंच सांगितलं आणि गेली.)

बरं, कबूल करतो. माझ्या ट्रॅक्टरचा स्टार्टर-जनरेटर अशाच एका तोडलेल्या 122 मधून आलाय. डावा फेंडरसुद्धा. कारखाना तो ट्रॅक्टर आता बनवत नाही, हार्वेस्टरने 1981 मध्ये तो सगळा धंदाच एमटीडी नावाच्या कंपनीला विकून टाकला, मग भाग येणार कुठून? कुणीतरी तोडला म्हणूनच माझा चालतो. पण जळलेला, गंजून चाळणी झालेला तोडा ना. चालता-बोलता कशाला?

आणि दुसरी जमात तर याहून वाईट. ते तोडत नाहीत, सजवतात. शोरूमसारखा पिवळा-पांढरा रंग, नवे स्टिकर, चाकांना पॉलिश, आणि मग गॅरेजात चादर घालून ठेवलेला. वर्षातून एकदा ट्रेलरवर चढवून प्रदर्शनाला न्यायचा, तिथे खुर्ची टाकून शेजारी बसायचं. ऑगस्टमध्ये पोर्टलंडच्या मेळ्यात (इंडियानातलं पोर्टलंड, ते दुसरं नव्हे) अशा एकाला मी विचारलं, नांगर कधी लावलाय का? माझ्याकडे असा बघितला जणू मी त्याच्या मुलीचं वय विचारलं.

नवीन घे म्हणता? घेतला होता, इथे आलो तेव्हा. कुठल्या कंपनीचा ते सांगत नाही. पत्रा असा की कोपर टेकलं तर खड्डा. तिसऱ्या वर्षी मागची चाकं ओढेनाशी झाली. नेला दुकानात, तर म्हणे ट्रान्समिशन सीलबंद असतं, उघडत नाहीत, अख्खं बदलायचं, त्यापेक्षा नवीनच घ्या. म्हणजे तेल बदलायचं भोकच ठेवलेलं नाही! कोलोरॅडोत 2023 मध्ये कायदा करावा लागला की शेतकऱ्याला स्वतःचं यंत्र स्वतः दुरुस्त करू द्या. कायदा, लोकहो. माझ्या वडिलांना हे सांगितलं असतं तर त्यांना वाटलं असतं मी चेष्टा करतोय.

जुन्या यंत्रांत खोट नाही असं मी म्हणत नाहीये. धूर करतात. सीटवरून माणूस पडला तर इंजिन आपोआप बंद होत नाही, ते जपावं लागतं. आणि इथल्या पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल असतं, हिवाळाभर टाकीत राहिलं की कार्बोरेटरमध्ये हिरवट चिकटा जमतो आणि जुनं रबर फुगतं. तुम्ही तिकडे ई-20 वरून ओरडताय, त्यात माझाही आवाज धरा. थंडीआधी टाकी रिकामी करायची, बस. एवढं जमत नसेल तर कुंड्या लावा.

आता एक सांगायचंच आहे तर सांगून टाकतो, कारण गाडी चालवताना तेच डोक्यात होतं.

ते एकोणीस दिवस मी वर लिहिले ना, त्यात एक गाळलंय. अकराव्या दिवशी ऑफिसात माझं वाजलं होतं. रात्री जेवण झाल्यावर गॅरेजात गेलो, एकटाच. रोज एक ठोका, रोज एक ठोका, म्हटलं म्हाताऱ्याला वेळच वेळ आहे, मला नाही. मोठा हातोडा घेतला आणि फ्लायव्हीलच्या कडेवर दणका घातला, फिरतंय का बघू म्हणून. फ्लायव्हीलला वारा मारायची पाती असतात, बिडाची. एक पातं काडकन तुटलं आणि कपाटाखाली गेलं. मी ते शोधून काढलं आणि खिळ्यांच्या डब्यात तळाशी लपवलं. चाळिशी ओलांडलेला माणूस, दोन पोरांचा बाप. शाळेत खडू चोरल्यासारखा.

दुसऱ्या संध्याकाळी आजोबा आले. फ्लायव्हीलकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं नाही. तेल ओतलं, ठोकळा ठेवला, एक ठोका. गेले.

पुढे पिस्टन सुटला, रिंगा बदलल्या, हेड बसवायची वेळ आली, तेव्हा ते घरून हॅकसॉ घेऊन आले. फ्लायव्हील वायसमध्ये धरलं, तुटलेल्या पात्याच्या बरोबर समोरचं पातं खडूने मार्क केलं आणि तेवढ्याच उंचीवर कापलं. मग कानस मारून साफ केलं. "आता तोल राहील," म्हणाले. पातं कसं तुटलं हे आजतागायत विचारलेलं नाही. कापलेला तुकडा मात्र माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "हा त्या दुसऱ्याबरोबर ठेव."

त्यांना डबासुद्धा माहीत होता!

हल्ली त्यांचा हात थरथरतो. पॉइंटचा गॅप आता मी लावतो, ते खुर्चीवर बसून ऐकतात. पहिल्यांदा त्यांनी "ट्वेंटी थाउ" म्हटलं तेव्हा मी हसलो, कारण पुण्यात कोथरूडला कारखान्यात आमचे मामा जे "वीस थाउ" म्हणायचे ते अगदी तसंच. इंचाचे हजार भाग, त्यातले वीस. फीलर गेजची (फट मोजायच्या पात्यांची) पट्टी सरकते पण थोडी चिकटते, लोणी लावलेल्या सुरीसारखी, तेव्हा बरोबर असतं. आजोबा नुसत्या आवाजावरून सांगतात, अजून अर्धा थाउ. मी आधी गेज घालून खोटं ठरवायचा प्रयत्न करायचो. सोडून दिला.

खंडेनवमीला मी हत्यारांची पूजा करतो हे त्यांना पहिल्या वर्षी समजावून सांगताना फार तारांबळ उडाली होती. पाना, हातोडी, फीलर गेज पाटावर, हळदकुंकू, ट्रॅक्टरला झेंडूची माळ. ते टोपी काढून उभे राहिले. तेव्हापासून दर मे महिन्यात त्यांच्या भाजीच्या वाफ्याच्या कडेने झेंडू लावलेला असतो. यंदा दोन माळा झाल्या, एक त्यांच्या लाल व्हील हॉर्सला. लालला घातली, हे कुणाला सांगू नका.

तर, त्या पोराचं. एवढा चडफडून मी रिकामा ट्रेलर घेऊन परत आलो असं तुम्हाला वाटत असेल, तर नाही. ब्लँकेटच्या कोपऱ्यात एक फ्लायव्हील पडलं होतं. इंजिन नेणाऱ्याला नको होतं, त्याच्याकडे चांगलं होतं. सगळी पाती शाबूत. चाळीस डॉलर म्हणाला, मी तीस दिले. हो, घेतलं. शिव्या घाला.

आत्ता ते गाडीच्या डिकीत आहे, गोणपाटात गुंडाळलेलं. आजोबांना दाखवलेलं नाही, आणि बसवणारही नाही बहुतेक. माझं दोन पात्यांनी कमी असलेलं अकरा वर्षं बिनथरथराट फिरतंय. मग घेतलं कशाला हे बायकोने विचारलंय. उत्तर सुचलं की तिला सांगेन.

उद्या रविवारी नांगरट आहे. गावाबाहेर एका ओळखीच्याचं सोयाबीन निघालंय, दीड एकर रान मोकळं आहे. अकरा-बारा ट्रॅक्टर येतील, एका फाळाचे दहा इंची नांगर. मागच्या चाकांना साखळ्या आणि वजनं लावून ठेवलीत. पहिला तास, म्हणजे नांगराची सरी, सरळ निघाला की पुढचं सगळं सोपं, एक चाक तासात आणि एक वर, आणि ओली माती उलटते त्याचा वास अगदी आपल्याकडच्यासारखाच. आजोबा पहिला तास मारतात, दरवर्षी. यंदा मी बरोबरीने चालणार आहे, त्यांच्या नकळत.

कोलंबसातल्या कुणाला यायचं असेल तर साडेसातला माझ्या घरी. पोरांना आणा. बूट घालून या, चपला नकोत. पोहे मी करतोय. आणि तो तासाचे पैसे विचारणारा मित्र ही पोस्ट वाचत असेल, तर तूही ये रे. तुला बसायला देतो.