दाढीचा ब्रश : फिरणाऱ्या मेसेजबद्दल खुलासा

"सिंथेटिक (कृत्रिम धाग्याच्या) ब्रशला फेस येत नाही, गाल सोलतात, बॅजरच्या (एका रानटी प्राण्याच्या) केसांचाच ब्रश घ्या," असा मेसेज जळगाव-धुळ्याकडच्या ग्रुपवर फिरतोय. हे खरं नाही. त्यापायी पोरांनी उगाच महागडा ब्रश घेऊ नये, म्हणून लिहितोय.

फेस न येण्याचं कारण बऱ्याचदा पाणी असतं. खानदेशात कितीतरी घरी बोअरचं जड पाणी. त्यातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम साबणाशी मिळून पांढरा साका धरतं आणि फेस टिकत नाही. तोच ब्रश, तोच साबण आरओच्या वाटीभर पाण्यात घोळवा. फरक लगेच दिसेल.

सिंथेटिक धागा पाणी शोषत नाही, त्यामुळे भिजत ठेवायला नको आणि लवकर वाळतो. डुकराच्या केसांचा ब्रश मात्र आधी भिजवावाच लागतो. नवा असताना तो टोचतो. वापरून टोकं फाटली की मऊ पडतो. बॅजर पाणी छान धरतो, पण महाग.

ब्रश ओला करून गालावर गोल फिरवून पाहा. टोचला तर नाजूक कातडीला नको. राठ दाढीला जरा ताठच बरा. आणि गाल सोलतात ते बहुधा बोथट पात्यानं किंवा दाबून ओढल्यानं.